अप्पांच्या पेटीतला पुरावा

१

पेटी उघडली आणि अप्पा म्हापणकरांच्या तोंडचं पाणी पळालं.

पेटी रिकामी होती. अगदीच रिकामी म्हणता यायचं नाही, कारण तळाला डांबराची एक गोळी होती. अप्पांनी पेटी हलवली तशी ती बिचारी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घरंगळली. दादरच्या त्या माडीवरच्या ऑफिसात तिच्या खडखडाटाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

"अहो, गेला कुठे?" अप्पांचा आवाज चिरकला. एरवी नरे पार्कवर भोंग्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तो आवाज!

अप्पा म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या तिकिटावर निवडून आलेले गिरणगावचे खासदार. माणूस सरळ, पण डोकं लवंगी फटाक्याचं. गेलं वर्षभर ते एकाच करारामागे हात धुऊन लागले होते. करार असा, की शेजारच्या तीन देशांतलं हातमागाचं कापड आपल्याकडे बिनजकात यावं आणि आपली यंत्रं, औषधं तिकडे बिनजकात जावीत. कागदावर सोन्यासारखा. पण बाजारात त्या तीन देशांच्या शिक्क्याचं इतकं कापड उतरत होतं, की तिथली तान्ही पोरंसुद्धा मागावर बसवली तरी एवढं निघू नये! परळ-लालबागच्या गिरण्यांतली तिसरी पाळी बंद पडायला लागली होती. अप्पांचं म्हणणं, कुणा चौथ्याच श्रीमंत देशाचा गिरणीतला माल शेजाऱ्याचा सदरा घालून आत शिरतोय. सरकार म्हणे, पुरावा दाखवा. शिवाय करार करणं हे सरकारचं काम, त्यात सभागृहाने नाक खुपसायचं कारण काय? महिनोन्‌महिने भांडून अप्पांनी येत्या गुरुवारी लोकसभेत दोन तासांची चर्चा पदरात पाडून घेतली होती. "पुरावा माझ्या पेटीत आहे," असं त्यांनी भर सभेत छाती ठोकून सांगितलं होतं. आज होता रविवार, आणि मंगळवारी दिल्लीची गाडी.

"कुलूप तर शाबूत आहे," अप्पांचे चिटणीस शरच्चंद्र गुप्ते वाकून बघत म्हणाले. सडपातळ, टापटिपीचे, बोलताना सारखा चष्मा पुसणारे.

"किल्ली माझ्या खणात असते. ते सगळ्यांना ठाऊक आहे." अप्पा मटकन खुर्चीत बसले. "आपल्या घरच्याच माणसांना!"

घरची माणसं म्हणजे किल्ली ठाऊक असलेले तिघे. एक गुप्ते. दुसरे गिरगावचे मनमोहन नवलकर, व्यापार आणि जकातीतले मोठे जाणकार, अप्पांचे सल्लागार. ते सकाळी कधी येत नसत. आणि तिसरा दारात उभा असलेला दौलत घाडी, लालबागचा गिरणी कामगार, समितीचा कार्यकर्ता. ऑफिस उघडायचं आणि बंद करायचं काम त्याचंच.

गुप्त्यांनी चष्मा पुसला. "बोलू नये, पण काल संध्याकाळी दौलतच्या बगलेत भलं मोठं गाठोडं होतं. मी जिन्यावर पाहिलं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दौलतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

२

त्या खोलीत एक बाईही होती. नलू विजयकर, वय अठ्ठावीस, राहणार गिरगाव, विधानसभेत सभासदांची भाषणं लघुलिपीत उतरवून घेणारी. अप्पा तिच्या कैलासवासी वडिलांचे जिवलग मित्र, म्हणून रविवारी ती त्यांची भाषणं नीट लावून द्यायला येई. सरकारी नोकरी असल्यामुळे तिचं नाव मात्र कुठे येता कामा नये. दौलत आणि गुप्ते खाली गेले तसा तिने दरवाजा लोटला.

"अप्पा, दौलतरावांनी नाही घेतलेला."

"मला का ते कळत नाही? पण लोकांना काय सांगू? लोकांना वाटतंय, पेटीत कापडाचा ताका होता!"

आता ही भानगड अप्पांनीच करून ठेवलेली. पेटीत ताकाबिका काही नव्हता. नलूच्या आईने, सुंदराबाईंनी, उशांच्या अभ्र्यांसाठी गिरगावातल्या एका दुकानातून स्वस्तातलं 'शेजारदेशी हातमागाचं' कापड आणलं होतं. घरी उलगडून पाहतात तो एका कडेच्या किनारीत चक्क इंग्रजी अक्षरं विणलेली, एका दूरदेशच्या गिरणीचं नाव! त्याच किनारीवर वरून शेजाऱ्याचा जांभळा शिक्का. एकाच पट्टीवर खरा बाप आणि मानलेला बाप. नलू दुकानात धावली, पण बाकीच्या मालाच्या किनारी केव्हाच कापून कडेला टीप मारलेली होती. कात्रीतून सुटलेली ही एकच. सुंदराबाईंनी ती दीड हाताची पट्टी फाडून दिली आणि नलूने अप्पांना आणून दिली. दीड हाताच्या पट्टीला मापाचा डबा मिळाला असता. पण अप्पांची हौस! "अग, पेटी मोठी असली की लोकांना पुरावा मोठा वाटतो," म्हणून त्यांनी ती बायकोच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवली, आणि पेटीत काय आहे ते कुणाला दाखवलं नाही. चिटणिसालाही नाही.

"म्हणजे पेटीत पट्टी होती, हे आपल्या दोघांना आणि आईला ठाऊक," नलू म्हणाली. "आणि ज्याने घेतली त्याला. पट्टी घ्यायला गाठोडं कशाला लागतंय? मुठीत मावते ती!"

"मग ओरडून सांगतो ना सगळ्यांना! दौलत सुटेल."

"आणि चोरही सुटेल. अप्पा, आपल्याकडे त्याला ओळखायची एवढी एकच खूण आहे. उद्यापर्यंत तोंड बंद ठेवा. मी एकेकाशी बोलून बघते."

अप्पांनी मान डोलवली. पण नलूचा पाय जिन्यावर अडखळला. खाली दौलत एकटाच उभा होता, आणि जाणारायेणारा त्याच्याकडे टकामका बघत होता. त्याला सोडवणारं एक वाक्य तिच्या जिभेवर होतं, आणि ते तिने गिळलं. तिला स्वतःचीच चीड आली.

३

गुप्त्यांना तिने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गाठलं. चष्मा पुसून पुसून काच झिजायची तेवढी बाकी होती.

"मी दौलतचं नाव घेतलं ते उगाच नाही हो, नलूताई. जे पाहिलं ते बोललो. आता लोक मलाही विचारतायत. अशी मोलाची वस्तू! ती मी कशाला चोरू? तिचं मी करणार काय?"

'ती' म्हटल्याबरोबर नलूने कान टवकारले.

या कानांची गंमत सांगायला हवी. विधानसभेत सभासद तोफेसारखे सुटले, की लघुलिपीत 'गेला', 'गेली', 'गेलं' सगळ्याला एकच रेघ. तो, ती की ते, हे लेखनिकाने कानात जपून ठेवायचं आणि नंतर लिहायचं. पहिल्याच अधिवेशनात नलूने 'तो मान्य झाला'च्या जागी 'ती मान्य झाली' लिहिलं. मान्य झाला होता ठराव, आणि नलूच्या कृपेने मान्य झाली उपसूचना! केवढा गहजब! सभापतींनी बोलावून घेतलं तेव्हा बाईंची पाचावर धारण बसली होती. तेव्हापासून माणसाच्या तोंडून शब्दाचं लिंग निसटलं, की नलूच्या कानाला टोचतं.

पट्टी स्त्रीलिंगी. आणि गुप्ते 'ती' म्हणाले!

दुसऱ्याच क्षणी तिने मनातल्या मनात स्वतःच्या डोक्यात टप्पल मारली. अग बाई, ते 'वस्तू' म्हणाले आधी. वस्तू ती नाही तर काय तो? हे काही खरं नाही.

"गुप्तेसाहेब, दिल्लीची चर्चा रद्द झाली तर?"

"तर मी मेलो!" गुप्ते कळवळले. "आठ भाषणं टंकून ठेवलीत मी. आणि ताका एवढा मोठा, कुणाच्याच नजरेला पडला नाही म्हणजे काय?"

ताका! नलूने निरोप घेतला.

लालबागला पोचली तेव्हा दौलतच्या चाळीच्या जिन्यापाशी कुणीतरी कोळशाने लिहिलं होतं, 'फितूर'. लक्ष्मी, दौलतची बायको, पदर खोचून ती अक्षरं घासत होती आणि गॅलऱ्यांतून बाया गुपचूप बघत होत्या. एकीनेही हात लावला नाही.

"बघा, नलूताई," दौलत खोलीत बसल्या बसल्या म्हणाला. "मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या तेव्हा हेच लोक माका खांद्यावर घेऊन नाचले. आता समोरून येतत नि मान वळवतत."

"त्या गाठोड्यात काय होतं, दौलतराव?"

"समितीचे कापडी फलक! 'झालाच पाहिजे' लिवलेले. धुवूक आणले. ते बघा दोरीवर." खरंच, दोरीवर अख्खा संयुक्त महाराष्ट्र ठिबकत होता. "पण कोण मानता? म्हणतत, फलकांत ताको गुंडाळून नेलो. नलूताई, ता कापड मी डोळ्यांनी बघूकसुद्धा नाय. ता खय गेला, कोणी नेला, माका काय ठाऊक?"

नलू मालवणी पुरती ओळखून होती. मालवणी 'ता' म्हणजे आपलं 'ते', आणि 'ता गेला' म्हणजे 'ते गेलं'. दौलतच्या मनात होतं ते कापड. पट्टी त्याच्या स्वप्नातही नव्हती.

लक्ष्मी आत आली. हात कोपरापर्यंत काळे. "ह्येंका युनियनमधून काढतले म्हणे बुधवारी. सभा लावल्यानी. बाय, ह्यो माणूस एक वेळ उपाशी ऱ्हवात, पण चोरी करूचो नाय."

"मला ठाऊक आहे, लक्ष्मीवहिनी." एवढंच म्हणता आलं तिला.

उरले मनमोहन नवलकर. गिरगावातल्या आपल्या जुन्या घरात वेताच्या खुर्चीत पाय पसरून ते बसले होते. अंगात मलमलीचा अंगरखा, समोर चहा. नलूला ते लहानपणापासून ओळखत. हा करार झाला तेव्हा सरकारने बोलावलेल्या सल्लागारांत तेही होते. पुढे त्यातल्या पळवाटा दिसल्या, तेव्हा आपण होऊन अप्पांच्या मदतीला आले. सगळे त्यांचं केवढं कौतुक करत!

"ये ग नलू. आई बरी आहे? आज चेहरा का असा?"

"काका, अप्पांच्या पेटीतला पुरावा गेला."

मनमोहनकाकांनी बशी खाली ठेवली.

"गेली तर गेली," ते म्हणाले. "अग, एका चर्चेवाचून देश बुडत नाही. अप्पांना सांग, जिवाला लावून घेऊ नका. हे करार फार नाजूक असतात, नलू. मी त्या शेजारदेशांतली गावं पाहिलीयत. एकेका झोपडीत माग. करार झाला त्या वर्षी तिथल्या बायकांच्या चुली पहिल्यांदा दोन्ही वेळा पेटल्या. पाचशे खासदारांनी त्यावर आरडाओरडा करून काय साधणार?"

"पण दौलतरावांवर आळ आलाय, काका."

"हो?" ते दचकले. "त्याच्यावर कशाला?" आणि मग घाईघाईने, "निवळेल, निवळेल. चहा घे तू."

चहा घेऊन नलू निघाली. तिघांशी बोलून झालं, आणि हाती भोपळा! ठाकुरद्वारच्या नाक्यावर ती रस्ता ओलांडायला थांबली. सवयीप्रमाणे दिवसभराची वाक्यं एकामागून एक कानात वाजत होती. अशी मोलाची वस्तू. ता खय गेला. गेली तर...

मागचा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकला, तरी नलू जागची हलली नाही.

४

"तू म्हणतेस तसं नसेल ग," सुंदराबाई म्हणाल्या. त्या वाटाणे सोलत होत्या आणि मनमोहनभाऊंवर संशय घ्यायला अजिबात तयार नव्हत्या. "पेटी गेली, असं म्हणायचं असेल त्यांना."

"पेटी जागेवर आहे. आणि मी म्हटलं, 'पेटीतला पुरावा गेला.' समोरचा 'गेला' म्हणतोय, तर उत्तर काय येणार? गेला तर गेला! लहान पोरसुद्धा तसंच म्हणेल."

"मग वस्तू?"

"वस्तू हा शब्द गुप्त्यांच्या तोंडी होता, काकांच्या नाही. आई, माणूस पुरावा म्हणो की माल म्हणो, मनात जे चित्र असतं ना, त्याचंच लिंग जिभेवर येतं. गुप्त्यांच्या मनात तो ताका. दौलतरावांच्या मनात ते कापड. काकांच्या मनात ती कोण होती?"

सुंदराबाईंचे हात थांबले. "पण त्यांनी का करावं असं? पैशाला हपापलेला माणूस नव्हे तो."

"ते मलाही कळत नाही. आणि एका वेलांटीवर भल्या माणसाला चोर म्हणायची माझी हिंमत नाही. चुकले तर? एकदा चुकलेय मी." नलू उठली. "आणखी एकदा बघायला हवं. त्यासाठी एक खोटं बोलावं लागेल."

"सोमवारी खोटं बोलू नये, उपास मोडतो," सुंदराबाई म्हणाल्या. "अप्पांना बोलायला लाव."

म्हणून सोमवारी अप्पांनी तिघांना एकच निरोप धाडला. देवाच्या कृपेने हुबेहूब तसाच दुसरा नमुना हाती आला आहे. उद्या सकाळी तो दिल्लीला न्यायचा. नीट बांधून न्यायच्या तयारीने यावे.

५

मंगळवारी सकाळी पहिला आला दौलत. डोक्यावर पत्र्याची मोठी ट्रंक, लक्ष्मीच्या माहेरची, आतलं सामान काढून रिकामी केलेली. अंगावर आळ असूनही हा माणूस कामाला आलाच. त्याच्या मागून गुप्ते, हातात गोणपाट, सुतळीचा गुंडा आणि दाभण. दोघे एकमेकांकडे न बघता दोन भिंतींना उभे राहिले.

मनमोहनकाका आले ते कोट-टोपी घालून, काठी टेकत. दुसऱ्या हातात लहानशी चामडी बॅग.

"तुम्ही काय आणलंत, मनमोहन?" अप्पांनी विचारलं.

"मी? माझी ही बॅग आहे की. कागदांबरोबर राहील त्यात."

"आणि ताका कशात घालायचा?"

"कसला ताका?" मनमोहनकाका म्हणाले.

गुप्त्यांचं गोणपाट हातातून सुटून खाली पडलं.

नलू पुढे आली. आवाज तिने स्वच्छ ठेवला. "काका, रविवारी मी म्हटलं, पुरावा गेला. तुम्ही म्हणालात, गेली तर गेली. कोण गेली, काका?"

मनमोहनकाकांनी बॅग टेबलावर ठेवली. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. वेणीसारखी गुंडाळलेली एक पांढरी पट्टी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"जाळणार होतो," ते हळूच म्हणाले. "दोनदा काडी पेटवली. हात होईना."

अप्पा ताडकन उठले. "मनमोहन! तुम्ही? अहो, घरभेदी निघालात! किती—"

"पैसे नाही घेतले अप्पा. शपथेवर सांगतो." त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि तसेच उभे राहिले. "शनिवारी तुमच्या खणात करार शोधताना किल्ली हाताला लागली. पेटी उघडून पाहिली, तर आत ही पट्टी. वाटलं, आता तुम्ही ही लोकसभेत फडकवणार, रान पेटणार, आणि कराराच्या चिंध्या होणार. लबाडांचं काय जातंय? ते दुसरी वाट शोधतील. मरतील त्या झोपडीतल्या बायका. करार बंद खोलीत शांतपणे करायचा असतो, आणि बंद खोलीतच दुरुस्त करायचा. पाचशे तोंडांपुढे गेला की संपला. म्हणून..." त्यांनी दौलतकडे पाहिलं. "आळ तुमच्यावर येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कळलं तेव्हा कबूल करायला हवं होतं. धीर झाला नाही. चूक केली मी. मोठी चूक."

दौलत इतका वेळ ट्रंकेला टेकून होता. तो सरळ झाला.

"बंद खोलीत केलात ना करार? मग लबाड आत शिरले ते दिसले कोणाक? आणि आमची पाळी बंद पडली ती काय बंद खोलीत पडली? उघड्यावर पडली. मी तुमचो करार फाडा म्हणत नाय. त्या बायकांची चूल विझूक नको. पण माझी विझली तर ता बोलूचा कोणाकडे? मी निवडून दिलेल्या माणसाकडेच ना?" त्याचा आवाज फुटला. "आणि फितूर म्हणतत माका! माझी बायको कोळसो पुसता हा. ता कोण भरून देतलो?"

मनमोहनकाकांची मान खाली गेली. गुप्ते चष्मा काढून उभे होते, पण पुसायचं विसरले.

मग नलूच बोलली. "काका, तुम्हाला अप्पांच्या डोक्याची भीती वाटली. साहजिक आहे."

"काय म्हणालीस?" अप्पा गरजले.

"खरं तेच म्हणतेय मी. पण काका, रोग दाखवला म्हणजे रोगी मरतोच का? औषध तुम्हीच सांगा ना. करारातली प्रत्येक ओळ तुम्हाला पाठ आहे."

मनमोहनकाकांनी पट्टी उलगडली आणि किनारीवरून अंगठा फिरवला. "औषध?" ते म्हणाले. "औषध सोपं आहे ग. हातमागवाल्याला किनार लपवायची गरजच काय? कापून येतो तो चोरीचा माल. एक कलम घाला, किनार शाबूत असेल त्याच कापडाला सवलत. झोपडीतल्या बाईचं काही बिघडत नाही, आणि चौथ्या देशाचं नाव आपोआप उघडं पडतं." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. "आणि दर वर्षी आढावा. सभागृहापुढे. हो, सभागृहापुढेच! हे आधी का नाही सुचलं मला?"

"कारण तुम्ही कुणाला विचारलंच नाही," अप्पा म्हणाले. पण फटाका विझला होता. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. लिहा ते कलम."

"बसतो. त्याआधी एक काम आहे." मनमोहनकाकांनी काठी उचलली. "दौलतराव, तुमची चाळ कुठे म्हणालात?"

६

लालबागच्या त्या चाळीत असा माणूस कधी आला नव्हता. कोट, टोपी, चांदीच्या मुठीची काठी. चौकात मधोमध उभे राहून त्यांनी वर गॅलऱ्यांकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मी मनमोहन नवलकर, राहणार गिरगाव. अप्पांच्या पेटीतला पुरावा मी घेतला होता. दौलतराव घाडींनी नाही. त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. मी तुम्हा सगळ्यांसमोर त्यांची आणि त्यांच्या पत्नीची माफी मागतो."

आणि टोपी काढून त्यांनी लक्ष्मीपुढे हात जोडले.

तिसऱ्या माळ्यावरून कुणीतरी, "ह्या म्हाताऱ्याक धरा रे!" म्हणून ओरडलं आणि एकच गलका झाला. दोघे-चौघे बाह्या सरसावून जिना उतरू लागले. दौलत पुढे झाला.

"थांबा! परवा माझ्यार धावलात, आज ह्येंच्यार. तुमका कोणतरी लागताच काय धावूक? येवन सांगितल्यानी ना तोंडान? तुमच्यातलो कोण इलो माझी माफी मागूक?"

बाह्या खाली आल्या. लक्ष्मीने मनमोहनकाकांकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "माफ कसा करू ता माका अजून कळना नाय," ती म्हणाली. "पण घरात येवा. उन्हात उभे ऱ्हवा नको."

युनियनची बुधवारची सभा आता बारगळली, आणि दुपारच्या गाडीने अप्पा दिल्लीला निघाले. सोबत दौलत आणि मनमोहनकाका. दौलतने हट्टच धरला होता, की पट्टी त्याच्याच हातून जाणार, सगळ्यांदेखत. कलमाच्या भाषेवर कुणी बोट ठेवलं तर ती समजावायला मनमोहनकाका लागणारच होते. दोघे एका बाकावर बसले खरे, पण मध्ये वीतभर अंतर होतं.

गुरुवारी कचेरी सुटल्यावर नलू धावतपळत दादरच्या ऑफिसात आली. लक्ष्मी आधीच येऊन टेलिफोनसमोर बसली होती. गुप्त्यांनी तिला तीनदा चहा विचारला होता; दौलतचं नाव घेतल्यापासून त्या माणसाला काय करू आणि काय नको असं झालं होतं. ट्रंक कॉल लागला तेव्हा नलूने रिसीव्हर उचलला. पलीकडे अप्पा, एवढ्या मोठ्याने बोलणारे, की तारेचीही गरज नसावी.

"नलू! करार फाडला नाही ग कुणी! माझ्या पक्षाचे, त्यांच्या पक्षाचे, सगळे पट्टी हातात घेऊन घेऊन बघत होते. मंत्र्यांनी कलम मान्य केलं. किनारीसकट कापड! आणि दर वर्षी आढावा सभागृहापुढे येणार."

"तो मान्य झाला की ती मान्य झाली?" नलूने विचारलं, आणि तिलाच हसू फुटलं.

"ते मान्य झालं, बाई! कलम!"

लक्ष्मीने नलूचा पदर ओढला. "ह्येंचा काय झाला?"

"अप्पा, दौलतराव कुठे आहेत?"

"प्रेक्षकांच्या गॅलरीत होता, मनमोहनबरोबर. अग, एक गंमत. बाहेर एका सभासदाने मनमोहनना विचारलं, हे गृहस्थ कोण? मनमोहन म्हणाले, हे दौलतराव घाडी. आमचे साक्षीदार. पुरावा यांच्या भरवशावर मुंबईहून इथवर आला."

नलूने रिसीव्हरवर हात ठेवला आणि लक्ष्मीला ते सांगितलं.

लक्ष्मीने डोळ्यांना पदर लावला, काढला, पुन्हा लावला. मग खुर्ची नलूच्या जवळ ओढून घेतली.

"बाय," ती म्हणाली, "काय म्हणाले ते परत सांगा. एकेक शब्द सांगा. चाळीत जावन मी तसाच्या तसा सांगतलंय."

आणि नलूने तिला एकेक शब्द सांगितला.